सेमी-हॉलो गिटार पाळायची म्हणजे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे कोल्हापुरात राजारामपुरीत राहतात, सात-आठ वर्षं ॲकॉस्टिक गिटार वाजवतात, महिन्यातून एखाद्या ऑर्केस्ट्रात बसतात. आता त्यांना साठच्या दशकातल्या धाटणीची, अंगावर 'एफ' अक्षरासारखी दोन भोकं (एफ-होल) कोरलेली, चेरी रंगाची सेमी-हॉलो, म्हणजे अर्धी पोकळ, इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. बजेट साठ हजारांपर्यंत. घरचे म्हणतात, पोकळ लाकूड आहे, आपल्या पावसात फुगेल. बँडमधला मित्र म्हणतो, स्टेजवर शिट्ट्या मारेल. दुकानदार म्हणतो, डोळे झाकून घ्या. ऐकायचं कुणाचं?

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. घरच्यांची भीती बरीचशी खोटी आहे, मित्राची निम्मी खरी आहे, आणि या गिटारीचं खरं दुखणं तिघांपैकी कुणीच सांगितलेलं नाही. ती बिघडली की आत हात जात नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

मी सत्तावीस वर्षं कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय. दुरुस्तीचा नाद त्यातूनच लागला, कारण सुरुवातीला इथे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, घासून देणारा माणूस सापडायचा नाही, पुण्या-मुंबईला गिटार पाठवायची आणि महिनाभर हात चोळत बसायचं. आज घरात एफ-होलवाल्या दोन आहेत. एकीच्या पोटात ठोकळा आहे, दुसरी आरपार पोकळ. एकाच भिंतीवर टांगलेल्या, लांबून सारख्या दिसणाऱ्या, पण स्वभाव जावा-जावांचे.

हा ठोकळ्याचा विषय आधी नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० काढली. फुगीर पोटाची, पूर्ण पोकळ गिटार, तिला तारांचं कंपन विजेत बदलणारा पिकअप लावलेला. बँडमधल्या पितळी वाद्यांच्या गोंगाटात गिटार पहिल्यांदा ऐकू यायला लागली. पण आवाज वाढवत नेला की अडचण व्हायची. ॲम्पमधून (आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरमधून) येणारा आवाज पोकळ पेटीला हलवतो, पेटी तारांना हलवते, तारा पिकअपला खबर देतात आणि पिकअप परत ॲम्पला. चक्र एकदा फिरलं की हूंऽऽऽ सुरू, थांबायचं नाव नाही. १९५० च्या आसपास भरीव लाकडाच्या गिटारी आल्या, त्यांनी हा प्रश्न मिटवला. पण आवाजातला पोकळपणाचा मोकळेपणाही गेला. मग १९५८ मध्ये गिब्सनने ईएस-३३५ काढली. बाहेरून पोकळ, पण आत मानेच्या बुडापासून शेपटीपर्यंत घराला तुळई टाकावी तसा मेपलचा ठोकळा घातलेला. पोकळ राहिल्या त्या फक्त दोन कुशी. रुंदी सोळा इंच, जाडी जेमतेम पावणेदोन इंच. आज सेमी-हॉलो म्हणून बाजारात जे विकलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं या एका नकाशावरून काढलेलं आहे.

आणि इथेच दुकानात फसायला होतं. एपिफोनची कॅसिनो १९६१ ला आली, बीटल्सच्या हातात गेली आणि अजरामर झाली. ती दिसते थेट ३३५ सारखी, पण आत ठोकळा नाही. त्यावरून बनलेल्या स्वस्त गिटारीही तशाच. 'सेमी-हॉलो' आणि 'हॉलो' या दोन पाट्या दुकानदार सर्रास एकमेकींच्या जागी लावतात, बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं. आपण उन्हाळ्यात माठ घेताना करतो तेच करा. टिचकी मारा. दोन पिकअपच्या मधोमध मारलीत आणि पाटावर मारल्यासारखं 'टक्' असं मुकं वाजलं, तर खाली ठोकळा आहे. मग एफ-होलच्या बाहेरच्या अंगाला मारा, तिथे 'डुब्' यायला पाहिजे. दोन्हीकडे डुब् आलं तर ती आरपार पोकळ. शंका उरली तर मोबाइलचा टॉर्च एका एफ-होलमधून आत मारा. उजेड दुसऱ्या बाजूच्या एफमधून सरळ बाहेर पडला, तर मधे भिंत नाही.

तुमच्यासारख्या घर आणि स्टेज दोन्ही करणाऱ्या माणसाने ठोकळावाली घ्यावी. यावर मी फार वाद घालणार नाही. घरात बसून, शेजाऱ्यांची झोप न मोडता वाजवायचं असेल तर आरपार पोकळ गिटारीसारखं सुख नाही. ॲम्प न लावतासुद्धा ती खोलीभर ऐकू येते, रात्री अकराला सोफ्यावर बसून वाजवायला हातात घेतली की खाली ठेववत नाही. पण तिला पेठेतल्या मंडळाच्या स्टेजवर, ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या मधे, साउंडवाल्याने पायाशी आणून ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरसमोर उभी केलीत, की पहिल्या गाण्याच्या मुखड्यालाच ती रडायला लागते. मी हे स्वतः केलेलं आहे. त्या दिवशी अर्धा कार्यक्रम कीबोर्डवाल्याने माझ्या जागा भरल्या.

पिकअपचंही तसंच. पोकळ गिटारींवर बऱ्याचदा पी-९० असतात. गिब्सनने १९४६ च्या सुमारास आणलेला हा एकाच कॉइलचा पिकअप. आवाज करकरीत, जरा गावरान, मला फार आवडतो. पण एक कॉइल म्हणजे आजूबाजूच्या विजेचा हम सरळ आत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तो जाडजूड 'घूं' सतत मागे उभा असतो. हंबकर या दुसऱ्या जातीच्या पिकअपमध्ये दोन कॉइल उलट्या गुंडाळलेल्या आणि त्यांचे चुंबकही उलट. तारेचा आवाज दोन्हीकडून मिळून वाढतो आणि बाहेरून आलेला हम एकमेकांना खाऊन टाकतो. मंडपात जनरेटर, लाइटचे डिमर, अर्थिंगचा पत्ता नसलेला बोर्ड, एवढं सगळं असताना पी-९० घेऊन उभं राहणं म्हणजे हौसेला मोल नाही. तुम्ही हंबकर घ्या. पी-९० ची हौस पुढच्या गिटारीवर भागवा. पुढची गिटार येतेच, त्याची काळजी नको.

साठ हजारांच्या आसपास एपिफोनची ३३५ किंवा आयबानेझच्या आर्टकोअर मालिकेतली एखादी बघायला मिळेल. गिब्सनची स्वतःची काही लाखांत जाते, तो विषय सोडून द्या. बिग्स्बीचा तो हलणारा चकचकीत दांडा असलेली गिटार फोटोत देखणी दिसते, पण पहिल्या सेमी-हॉलोला तो नको. तार बदलताना तिचं टोक एका खुंटीवर अडकवून धरायचं आणि त्याच वेळी वर खुंटी पिळायची, याला तीन हात लागतात. आपल्याला देवाने दोनच दिलेत.

आता पाऊस. 'फुगेल' ही भीती ॲकॉस्टिकवरून आलेली आहे. चांगल्या ॲकॉस्टिकचं पोट एकसंध लाकडाचं असतं, ते खरंच फुगतं आणि सुकतं. ३३५ च्या घराण्यातल्या गिटारींचं पोट आणि पाठ पातळ थर एकमेकांवर चिकटवून दाबलेली असते, साध्या भाषेत प्लायवूड. यात कमीपणा काही नाही, मूळ १९५८ ची गिटारही अशीच होती. थर आडवे-उभे असल्यामुळे एक फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. त्यामुळे आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पेटीला फारसं काही होत नाही. मात्र दमट हवा वेगळी आणि पाणी वेगळं. २०१९ च्या पुरात ओळखीच्या एकाची गिटार शाहूपुरीत तळमजल्यावर केससकट पाण्यात राहिली. काढली तेव्हा कडेला चिरोट्यासारखे पदर सुटले होते. ती गेलीच.

पावसाळ्यात खरं हलतं ते मानेचं लाकूड. जूनमध्ये मस्त वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर खरखरते किंवा उलट, तारा अचानक उंच गेल्यासारख्या वाटतात. लोक घाबरून ब्रिज, म्हणजे पेटीवरचा तारांचा टेकू, वरखाली करत बसतात. तसं करू नका. पहिल्या फ्रेटवर आणि पेटी जिथे सुरू होते त्या फ्रेटवर जाडी तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चांगल्या जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, घड्याळाच्या दिशेने, नसेलच तर उलट. पण एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग गिटार रात्रभर ठेवून सकाळी परत बघा. पाना अडला, जोर लावावासा वाटला, तर थांबा आणि जाणत्या माणसाकडे न्या. ट्रस रॉड तुटला तर त्याची दुरुस्ती निम्म्या गिटारीच्या किमतीत पडते.

फट नीट झाल्यावरच ब्रिजला हात लावायचा. बाराव्या फ्रेटवर जाडी तार दोन मिलिमीटर उंच आणि बारीक तार दीडच्या जरा खाली, हे माझं ठरलेलं माप. यापेक्षा खाली नेलंत तर घरी बोटांना मजा वाटेल, पण स्टेजवर हात जड पडला की खरखर.

गिटार भिंतीवर टांगायची तर बाहेरच्या भिंतीवर नको. आपल्या जुन्या घरांत पश्चिमेच्या भिंतीला श्रावणात ओल येते, तिथे महिनाभर टांगलेल्या गिटारीची पाठ पांढऱ्या बुरशीने मखमली झालेली मी पाहिली आहे. चार महिने ती केसमध्ये असू द्या, बरोबर सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका आणि आठवड्याला एकदा केस उघडून हवा द्या. वाजवून झालं की जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा. खालून पुसायचं सगळे विसरतात आणि गंज तिथूनच चढतो.

तारांबद्दल एक. या गिटारीची मानेच्या टोकापासून ब्रिजपर्यंत मोजलेली तार २४.७५ इंच म्हणजे साधारण ६२८ मिलिमीटर असते. फेंडरच्या गिटारींची ६४८. तार आखूड म्हणजे त्याच सुराला ताण कमी. म्हणून ॲकॉस्टिकवरून येणाऱ्या माणसाला 'दहा'चा सेट (हा आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा) फारच लिबलिबीत वाटतो, बोट जरा जोरात दाबलं की सूर चढतो. तुम्ही 'अकरा'पासून सुरुवात करा. मींड घ्यायला जरा जोर लागेल, पण सूर हाताखाली राहील. गुळगुळीत गुंडाळीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा एकदा तरी लावून बघा. बोट सरकताना होणारी ती चर्र बंद होते आणि भावगीताच्या मागे गिटार एकदम सभ्य होऊन बसते.

नटाचं, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचं, मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण नव्या गिटारीची निम्मी रडगाणी तिथली असतात. या धाटणीत खुंट्या तीन-तीन दोन्ही बाजूंना, आणि डोकं मागे झुकलेलं. मधल्या दोन तारा, डी आणि जी, नटातून बाहेर पडून बाजूला वळतात. खाच अरुंद असेल तर तार तिथे चिकटते. तुम्ही खुंटी पिळता, सूर हलत नाही, हलत नाही, आणि मग 'टिंग' करून एकदम पुढे उडी मारतो. पहिला उपाय फुकटचा आहे. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. त्याने भागलं नाही तर खाच नीट करायला लागते.

माझ्या पहिल्या सेमी-हॉलोचं हे काम मी मिरजेला करून घेतलं. मिरज आपल्यापासून तास-दीड तासावर, आणि तंतुवाद्यं बनवणारी घराणी तिथे दीडशेहून जास्त वर्षं बसलेली आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. ज्या कारागिराकडे गेलो त्यांनी आयुष्यात अशी गिटार हातात धरली नव्हती. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, एकेक तार मोकळी छेडली, कान नटाजवळ नेला आणि म्हणाले, "जवारी नाय ही. हा खडखडाट हाय." मग पोत्यातून बारीक कानस काढली. खाचेला तळाशी मागच्या बाजूने जरासा उतार दिला, अगदी तीन-चार हात, मधे मधे तार लावून ऐकून. तानपुऱ्याच्या घोडीवर तार लांबवर टेकत गेली पाहिजे, तेव्हा झंकार उठतो, तीच जवारी. गिटारीच्या नटावर नेमकं उलटं, तार फ्रेटांच्या बाजूच्या कडेला एकाच ठिकाणी स्वच्छ सुटायला हवी. त्यांना हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ऐकून ओळखलं. पैसे द्यायला लागलो तर चहा मागवला.

अशी दुसरी जागा आपलं उद्यमनगर, लेथ-कारखान्यांचा भाग. माझ्या पोकळ गिटारीच्या ब्रिजखालच्या चाकीचे आटे गेले. अमेरिकन भागांचे आटे इंचातले, आशियाई बनावटीचे मिलिमीटरमधले, एकावर दुसरं चढवायला गेलं की दोन्ही जातात. मी तेच केलं होतं. नवी चाकी मागवायची तर तीन आठवडे. लेथवाल्याकडे जुनी घेऊन गेलो. त्याने ती बोटांत फिरवली आणि विचारलं, "कुठल्या पंपाची हाय?" गिटारीची आहे म्हटल्यावर हसला, पण अर्ध्या तासात पितळेच्या दोन काढून दिल्या, एक जादा. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा ज्या गावात बनवला, त्या गावात एका चाकीचं काय कौतुक.

आता ते खरं दुखणं. भरीव गिटारीला मागे किंवा पुढे एक झाकण असतं, चार स्क्रू काढले की आतल्या वायरी समोर. सेमी-हॉलोला झाकणच नाही. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग), स्विच, जॅक (केबल लावायची जागा), सगळं एफ-होलमधून आत गेलेलं आणि बाहेर यायचं तर त्याच वाटेने. वर्ष-दोन वर्षांत आपल्या हवेत पॉट करकरायला लागतो. तेव्हा पहिल्यांदा काही उघडू नका, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, एफ-होलमधून नळी पॉटपर्यंत नेऊन एक फवारा मारा आणि बटण तीस-चाळीस वेळा फिरवा. दहातल्या सात वेळा भागतं.

नाहीच भागलं तर पायजम्यात नाडी ओवायला बसलोय असं समजून बसायचं. बटण काढा, त्याखालचा पेचाचा नट सोडवण्याआधी पॉटच्या दांड्यावर फिश टँकच्या पंपाची मऊ नळी घट्ट बसवा, वीतभर बाहेर ठेवा. मग नट सोडवा आणि पॉट आत ढकला. तो आत पडला तरी नळीचं टोक बाहेर तुमच्या हातात आहे. पॉट एफ-होलमधून बाहेर घ्या, सोल्डरिंग करा, परत आत सोडा आणि नळी हळूहळू ओढली की दांडा आपल्या भोकातून बरोबर वर येतो. चार बटणं, म्हणजे चार नळ्या, प्रत्येकीवर पेनाने खूण. खूण न करता मी एकदा बसलो होतो, टोनच्या जागी व्हॉल्यूम वर आला, परत सगळं खाली. रात्रीचे अडीच वाजले. सोल्डर करताना पेटीवर जाड पुठ्ठा ठेवा, तापलेल्या थेंबाचा डाग चेरी रंगावर जन्मभर दिसतो.

चार बटणांवरून आठवलं. प्रत्येक पिकअपला एक व्हॉल्यूम आणि एक टोन असतो आणि स्विच तीन जागी बसतो. बहुतेक लोक सगळं दहावर ठेवून वर्षानुवर्षं वाजवतात, म्हणजे चार पातेल्यांत एकच आमटी. स्विच मधे ठेवा, ब्रिजजवळच्या पिकअपचा व्हॉल्यूम दहा, मानेजवळच्या म्हणजे नेकच्या पिकअपचा सात. मग नेकचा सहा, आठ असं अर्ध्या अर्ध्याने हलवून बघा. आवाजाचा पोत बदलतो. कधी लाकडी, कधी नाकातून आल्यासारखा, कधी लांबून रेडिओवर ऐकतोय तसा. या गिटारीचं अर्धं मोल या मधल्या जागेत आहे. फक्त एक सांभाळा. जुन्या पद्धतीच्या जोडणीत स्विच मधे असताना कुठलाही एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दोन्ही पिकअप बंद होतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगलीत एका कार्यक्रमात नेकचा आवाज नको म्हणून बटण शून्यावर नेलं आणि गिटार मेली. मी केबल बदलली, पेडल तपासलं, साउंडवाल्याकडे रागाने बघितलं. बटण मीच फिरवलं होतं.

स्टेजवरच्या शिट्टीचं म्हणाल तर ठोकळावाली गिटार भांडत नाही, पण तिलाही मर्यादा आहे. ॲम्प पाठीमागे सरळ रेषेत ठेवू नका, जरा बाजूला ठेवा आणि गिटारीचं पोट त्याच्याकडे करून उभं राहू नका. तुमच्या मॉनिटरमध्ये गिटार नको, फक्त गायक द्यायला सांगा. बास कमी करा, हूं बहुतेक वेळा खालच्या सुरांतूनच सुरू होते. आणि गेन, म्हणजे ॲम्पवरचं आवाज फुगवणारं बटण. भरीव गिटारीवर जेवढा गेन ठेवता त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. एवढं करूनही रडली तर एफ-होलमध्ये फोमचे तुकडे बसवा. बी. बी. किंगच्या सहीची जी ल्युसिल गिब्सनने १९८० च्या सुमारास काढली, तिला एफ-होलच ठेवले नाहीत, कारण हेच. फोम दिसायला वाईट दिसतो, पण लोक ऐकायला आलेले असतात.

वाजवण्यात काय बदल करावा लागतो, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तेच जास्त महत्त्वाचं. ॲकॉस्टिकवर सहाही तारांवर हात मारायची सवय असते. ती इथे आणलीत तर सगळा चिखल. ऑर्केस्ट्रात खाली बेस गिटार आहे, मधे हार्मोनियम आणि कीबोर्ड बसलेले आहेत. कॉर्डचा मूळ सूर तुम्ही वाजवायची गरजच नाही. मधल्या तीन-चार तारांवर दोन-तीन सूर धरा, त्यातही मूळ सुरापासून तिसरा आणि सातवा असला की कॉर्ड कळते, आणि मारल्यावर डावं बोट लगेच सैल सोडा. सेमी-हॉलोचा सूर सुरुवातीला टपोरा फुटतो आणि मग पसरतो. त्याला पसरायला जागा दिली नाही तर भरीव गिटार काय वाईट होती? गायकाचा श्वास जिथे संपतो, तिथे एक लहानशी ओळ. नेक पिकअप, टोन सहावर, उजवा हात ब्रिजपासून दूर. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या मागचा तो गोल, तुपकट आवाज यातून येतो, पेडलमधून नाही.

घरासाठी ॲम्प मोठा नको. लहान खोलीत पाच वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्पसुद्धा जास्त होतो. मॉडेलिंगवाला, म्हणजे वेगवेगळ्या ॲम्पच्या नकला करणारा, लहान ॲम्प घ्या, त्यात थोडा रिव्हर्ब (घुमारा), चवीपुरता ट्रेमोलो (आवाजाची थरथर). व्हॉल्व्हचाच हवा असेल तर आपल्या व्होल्टेजच्या लहरीसाठी स्टॅबिलायझरचे पैसे आधी बाजूला काढा.

सेकंडहँड मिळाली तर जरूर बघा, पण डोक्याची पाठ आधी. मागे झुकलेलं डोकं ही या गिटारीची नाजूक जागा. स्टँडवरून तोंडावर पडली की नटाच्या मागेच चिरते. बारीक केसासारखी रेघ शोधा, नखाने चाचपा, उजेडात तिरकी धरून बघा. चिकटवून नीट केलेली गिटार वाईट नसते, लाकडाचा चांगला गोंद बसला की तो जोड टिकतो, पण किंमत त्याप्रमाणे कमी व्हायला हवी. मग पेटीवर मूठ हळूच आपटून ऐका. आत काही खुळखुळलं किंवा झंझणलं तर एखादी पट्टी सुटलेली आहे. आणि मऊ पिशवीत घालून बाइकवर पाठीला लावून न्यायचा मोह टाळा. कठीण केसचे पैसे गिटारीच्या बजेटमध्येच धरा. म्हणजे साठातली गिटार पन्नासचीच घ्यायला लागेल, तशी घ्या.

आणि घरी आणल्यावर पहिल्या दिवशीची एक गोष्ट. हिचा जॅक बऱ्याचदा कडेला नसतो, पोटावर, त्या पातळ प्लायवूडमध्ये असतो. केबलवर कुणाचा पाय पडला की पिन वर उचकते आणि जॅकभोवतीचं लाकूड तडकते. केबल आधी खांद्याच्या पट्ट्यात, खालच्या बटणाजवळून ओवून घ्यायची आणि मग जॅकमध्ये लावायची. काटकोनी पिनची केबल मिळाली तर तीच घ्या.